पोवाड्याचं मिक्सिंग : रेकॉर्डिंग ऐकण्याजोगं करताना पुरावा कसा जपायचा?

लोककला, संगीत, लोकसाहित्य किंवा भाषाविज्ञान यांत संशोधन करायचं ठरवलेल्या, पेटच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांना एक प्रश्न हमखास पडतो. फील्डवर केलेलं रेकॉर्डिंग जसंच्या तसं ठेवायचं, की साफसूफ करून, मिक्स करून ठेवायचं? मिक्स केलं तर पुराव्यात ढवळाढवळ झाली असं कोणी म्हणेल का? आणि नाही केलं तर वाऱ्याच्या घोंघाटात शाहिराचा एकही शब्द नीट लागत नाही, मग ते ऐकणार कोण?

थोडक्यात उत्तर असं : दोन्ही ठेवायचं. मूळ फाइलींना हात लावायचा नाही आणि मिक्स वेगळं करायचं. मिक्स करताना घेतलेला प्रत्येक निर्णय लिहून ठेवायचा. हे वाचायला सोपं वाटतं, पण कोणता निर्णय कशावर परिणाम करतो हे कळल्याशिवाय नोंद तरी काय करणार? म्हणून या लेखात मिक्सिंगची अगदी प्राथमिक तंत्रं बघू आणि प्रत्येक तंत्रापुढे एकच प्रश्न ठेवू : यामुळे माझ्या पुराव्यातलं काय बदललं?

उदाहरण : खर्डा

उदाहरणासाठी खर्डा घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातलं हे गाव. ११ मार्च १७९५ रोजी इथे मराठे आणि निजाम यांच्यात लढाई झाली. निजाम अली खानाला खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला आणि शेवटी तह करावा लागला. जवळजवळ सगळे मराठा सरदार एका बाजूने उभे राहिले अशी ही शेवटची मोठी मोहीम. शाहिरांनी तिच्यावर पोवाडे रचले यात नवल नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला पोवाडा पुरावा म्हणून वापरताना काही प्रश्न विचारायची सवय लावली जाते. हा कोणी रचला? कोणासाठी गायला? कोणाला पुढे आणलं, कोणाला मागे ठेवलं? आपण रेकॉर्डिंगला नेमके हेच प्रश्न विचारणार आहोत, कारण मिक्सिंग म्हणजे मूळात कोणाला पुढे आणायचं आणि कोणाला मागे ठेवायचं हे ठरवणं.

आता समजा, किल्ल्याजवळच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी एक पोवाडा तुम्ही रेकॉर्ड केला आहे. शाहीर स्वतः डफ वाजवत गातो. मागे तीन झीलकरी आहेत, त्यातला एक तुणतुणं वाजवतो, एक मंजिरी. बाजूला ढोलकी. समोर माणसं बसली आहेत. तुमच्याकडे सहा ट्रॅक आहेत :

१. शाहिराचा आवाज
२. डफ
३. ढोलकी
४. झीलकरी आणि तुणतुणं (एकच माइक)
५ आणि ६. श्रोत्यांच्या जागी, शाहिरापासून साधारण ६ मीटरवर ठेवलेली दोन माइकची स्टिरिओ जोडी

प्रत्यक्षात तुमच्याकडे दोनच ट्रॅक असतील किंवा एखादा साधा हँडी रेकॉर्डर असेल. तरी विचार करायची पद्धत हीच.

मिक्सिंगशिवायचं रेकॉर्डिंग असतं का?

पुढे जाण्याआधी एक गैरसमज दूर करू. ‘रॉ’ म्हणजे निखळ, कोणाचाही हात न लागलेलं, असं आपण धरून चालतो. पण माइक कुठे ठेवला इथूनच मिक्सिंग सुरू होतं.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांच्या तबकड्या ध्वनिमुद्रित झाल्या तेव्हा माइक नव्हताच. कर्ण्यासमोर गायचं आणि त्याची कंपनं थेट मेणावर कोरली जायची. माइक आणि विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५च्या सुमारास आलं. त्याआधी वाद्यांचा समतोल साधायचा एकच मार्ग होता : कोणी कर्ण्याच्या किती जवळ उभं राहायचं. मोठ्या आवाजाचं वाद्य मागे, गाणारा पुढे. अंतर हाच त्यांचा फेडर. तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत, म्हणजे तासभर रंगणारा प्रकारही तीन मिनिटांत बसवावा लागे. ते ऐकून ‘त्या काळी असंच गायचे’ असा निष्कर्ष काढला तर आपण कर्ण्याचा आणि तबकडीचा गुण गायकीच्या माथी मारतो.

नंतर चित्रपटांच्या काळात गायक आणि वाद्यवृंद एकत्र, थोड्या माइकवर रेकॉर्ड व्हायचे आणि बराचसा समतोल जागच्या जागी ठरायचा. मिश्रण ही स्वतंत्र कला म्हणून नावारूपाला आली ती अशाच स्टुडिओंतून. राजकमल कलामंदिरातले मंगेश देसाई हे त्यातलं मोठं नाव. सत्यजित राय यांनीही आपल्या काही चित्रपटांचं ध्वनिमिश्रण त्यांच्याकडून करून घेतलं होतं. पडद्यावर नाव सहसा कोणी वाचत नाही, पण आपल्याला काय ऐकू येतं हे अशा माणसाच्या बोटांनी ठरवलेलं असतं.

तुमच्या संशोधनात ती बोटं तुमची आहेत. म्हणून ती काय करतायत हे माहीत हवं.

पायरी ० : मूळ फाइली बाजूला काढा

रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये, २४ बिट आणि किमान ४८ किलोहर्ट्‌झवर करा. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे आयएएसएची, किमान शिफारस हीच आहे. एमपी३ हे ऐकवण्यासाठी ठीक, पुराव्यासाठी नाही. कारण जे ऐकू येणार नाही असं त्या पद्धतीला वाटतं ते ती काढून टाकते.

घरी आल्यावर आधी दोन ठिकाणी प्रत काढा. मूळ फाइली ‘रीड ओन्ली’ करा आणि त्यांचा चेकसम काढून ठेवा. चेकसम म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा. पाच वर्षांनी कोणी विचारलं की ही तीच फाइल आहे का, तर तो ठसा जुळवून दाखवता येतो. इथून पुढचं सगळं काम प्रतीवर. सॉफ्टवेअर कोणतंही चालेल. ऑडॅसिटी फुकट आहे, आर्डर मुक्त स्रोत आहे, रीपर बरेच जण वापरतात.

पायरी १ : फक्त फेडर

नवशिक्या माणसाचा हात आधी इफेक्टकडे जातो. तसं करू नका. पहिला अर्धा तास फक्त फेडर, म्हणजे प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी.

व्यावसायिक स्टुडिओत बहुतेकदा मुख्य गायकापासून किंवा तालवाद्यापासून सुरुवात करतात. संशोधकाने मात्र स्टिरिओ जोडीपासून करावी असं मी सुचवेन. ट्रॅक ५ आणि ६ एवढेच चालू ठेवा आणि पोवाडा पूर्ण ऐका. समोर बसलेल्या माणसाला जे ऐकू आलं त्याच्या सर्वात जवळचं रेकॉर्डिंग हेच. हा तुमचा संदर्भ. मग शाहिराचा ट्रॅक शून्यावरून हळूहळू वर आणा आणि शब्द स्पष्ट लागायला लागले की थांबा. मग झील, मग डफ, मग ढोलकी.

डेसिबलचा अंदाज असू द्या. ६ डेसिबल वाढवले की लहरीची उंची दुप्पट होते. कानाला आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. १ डेसिबलचा फरक सुटा ओळखणं कठीण, पण दोन मिक्स शेजारी ठेवून ऐकले तर किंचित मोठं असलेलं मिक्स आपल्याला ‘जास्त चांगलं’ वाटतं. त्यामुळे तुलना करताना दोन्हींची पातळी आधी सारखी करा, नाहीतर निव्वळ मोठ्या आवाजाला तुम्ही सुधारणा समजाल. आणि सगळे ट्रॅक मिळून सर्वात मोठा क्षण शून्याच्या ६ डेसिबल खाली राहील एवढी जागा ठेवा.

आता खरा प्रश्न. झील किती वर ठेवायची?

सिनेसंगीत ऐकून आपल्या कानाला सवय आहे की मुख्य आवाज पुढे आणि कोरस मागे. त्या सवयीने झीलकऱ्यांचा ट्रॅक सहज ७-८ डेसिबल खाली जातो आणि ऐकायला ‘प्रोफेशनल’ वाटतं. पण पोवाड्यात झील ही सजावट नाही. शाहीर कडव्याचा शेवट झीलकऱ्यांच्या हवाली करतो, तेवढ्यात श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो, श्रोत्यांकडे बघतो. झीलकरी कधीकधी त्याचा शेवटचा शब्द संपायच्या आतच उचलतात. त्यांना खाली दाबलं तर ही देवघेव दिसेनाशी होते आणि पोवाडा एकट्याचं गाणं वाटू लागतो. दहा वर्षांनी दुसरा विद्यार्थी तुमची फाइल ऐकेल आणि ‘झील गौण असते’ असं लिहील. त्याने ते पोवाड्यातून काढलेलं नसेल, तुमच्या फेडरमधून काढलेलं असेल.

पायरी २ : अंतर आणि वेळ

आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे एका मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. ६ मीटरवरच्या स्टिरिओ जोडीपर्यंत डफाची थाप पोचायला १७ ते १८ मिलिसेकंद लागतात. डफाच्या माइकमध्ये ती लगेच येते. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले की थापेची धार बोथट होते. उपाय सोपा आहे : जवळच्या माइकचे ट्रॅक तेवढेच मागे सरकवा. नेमकं किती, हे शोधण्यासाठी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी शाहिराच्या जागी उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवून घ्या. टाळीची रेघ सगळ्या ट्रॅकवर दिसते, ती जुळवली की झालं.

दुसरा त्रास लीकेजचा. शाहिराचा आवाज त्याच्या माइकमध्ये तर येतोच, पण झीलकऱ्यांच्या माइकमध्येही शिरतो. समजा, त्या दोन वाटांत २ मीटरचा फरक आहे. मग तोच आवाज ५.८ मिलिसेकंद उशिरा दुसऱ्यांदा येतो. दोन लहरी मिसळताना काही कंपनसंख्यांवर एकीचा चढ दुसरीच्या उताराशी गाठ घालतो आणि दोघी एकमेकींना मारतात. या उदाहरणात हे साधारण ८६, २५७, ४२९ हर्ट्‌झवर होईल आणि पुढेही तसंच ओळीने होत जाईल. पुरुषाच्या आवाजाचा भरदारपणा याच पट्ट्यात असतो. म्हणून झीलचा फेडर वर नेला की शाहिराचा आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा होतो. नवख्याला वाटतं, आवाजच तसा आहे.

हे रेकॉर्डिंगच्या वेळीच टाळता येतं. नियम ढोबळ आहे पण कामाचा : माइकचं गाणाऱ्यापासून जेवढं अंतर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवा. मिक्स करताना तपासायचं असेल तर सगळं मोनोमध्ये ऐका. मोनोत एखादा आवाज अचानक पातळ झाला तर घोळ इथे आहे.

पुरावा म्हणून काय लक्षात ठेवायचं? डफ आणि ढोलकी एकमेकांच्या किती मागेपुढे पडतात हे मोजायचं असेल तर सरकवलेले ट्रॅक वापरू नका. मूळ फाइलीतले जवळचे माइक घ्या आणि कोणता माइक वाद्यापासून किती अंतरावर होता ते लिहा. काही मिलिसेकंदांचा तुमचा ‘शोध’ हा दोन मीटरच्या अंतराचा परिणाम असू शकतो.

पायरी ३ : ईक्यू

ईक्यू म्हणजे ठरावीक कंपनसंख्यांचा पट्टा कमी किंवा जास्त करणं. सुरुवातीला चार गोष्टी कळल्या तरी पुरे.

एक, माइकवर आदळणारा वारा आणि स्टँडची धडधड बहुतेक १०० हर्ट्‌झच्या खाली असते. शाहिराच्या ट्रॅकवर ८० हर्ट्‌झच्या आसपास हाय-पास फिल्टर लावला की ती बरीच जाते.

दोन, विजेची घरघर आपल्याकडे ५० हर्ट्‌झवर आणि तिच्या पटीत, म्हणजे १००, १५० वर येते.

तीन, आवाज कोंदट वाटत असेल तर २०० ते ४०० हर्ट्‌झमधून थोडं कमी करून बघा.

चार, व्यंजनांची स्पष्टता २ ते ५ किलोहर्ट्‌झमध्ये असते आणि आपला कानही याच पट्ट्यात सर्वात तीक्ष्ण असतो. शब्द लागत नसतील तर इथे २-३ डेसिबल वाढवा. त्याहूनही बरं म्हणजे याच पट्ट्यात डफ आणि मंजिरी थोडी कमी करा. वाढवण्याआधी काय कमी करता येईल ते बघावं, हा सर्वसाधारण सल्ला.

पण शाहिराला लावलेला फिल्टर डफाला लावू नका. डफ किती खाली बोलतो हे त्याच्या घेरावर आणि ताणावर ठरतं. कातडी डफ विस्तवावर शेकून चढवतात, आणि हवेत गारवा आला की तो पुन्हा उतरतो. संध्याकाळी सातला लावलेलं ईक्यू रात्री नऊला त्याच डफाला लागू पडेलच असं नाही. आधी स्पेक्ट्रम उघडून सुरुवातीची आणि शेवटची थाप बघा, मग फिल्टरला हात घाला. विजेची घरघर काढायला १०० आणि १५० हर्ट्‌झवर खाच पाडली आणि डफाचा मूळ सूर तिथेच असला तर घरघरीबरोबर डफही गेला.

पुराव्याचं गणित : ईक्यूने सुराची उंची बदलत नाही, पण नादाचा पोत बदलतो. त्यामुळे सुरावटीचा अभ्यास ईक्यू केलेल्या प्रतीवर बहुधा चालेल. ‘कातडी डफ आणि फायबरचा डफ यांच्या नादातला फरक’ असा विषय असेल तर मात्र मूळ फाइलच घ्यायला हवी.

पायरी ४ : कॉम्प्रेसर

कॉम्प्रेसर मोठ्या आणि लहान आवाजातलं अंतर कमी करतो. त्याचं गणित एकदा हाताने करून बघा म्हणजे भीती जाईल.

थ्रेशोल्ड -२० डेसिबल, गुणोत्तर ३:१. शाहिराची ललकारी -८ वर आहे, म्हणजे थ्रेशोल्डच्या १२ वर. कॉम्प्रेसर त्या १२चे ४ करतो, म्हणजे ललकारी -१६ वर येते. हळू म्हटलेली ओळ -२६ वर आहे, ती थ्रेशोल्डच्या खाली असल्यामुळे तशीच राहते. आधी दोघींत १८ डेसिबलचं अंतर होतं, आता १० उरलं. मग सगळं ८ डेसिबलने उचललं की ललकारी परत -८ वर आणि हळू ओळ -१८ वर. हळू ओळ आता बसमध्ये हेडफोन लावूनही कळते. फक्त तिच्याबरोबर मागचा वारा, रातकिडे आणि गाडीचा हॉर्नही ८ डेसिबलने वर आले.

अॅटॅक म्हणजे कॉम्प्रेसर किती लवकर पकडतो आणि रिलीज म्हणजे किती लवकर सोडतो. डफाच्या ट्रॅकवर अॅटॅक फार कमी ठेवला तर थापेचं टोकच कापलं जातं. १० ते ३० मिलिसेकंद ठेवून बघा, थाप निसटून पुढे येते आणि मागचा गुंजारव तेवढा आवरला जातो.

संशोधकाच्या दृष्टीने सर्वात जोखमीचं साधन हेच. पोवाड्याचा जीव चढउतारात असतो. सैन्याची वर्णनं, सरदारांची नावं एका पातळीवर म्हणत नेऊन शाहीर लढाईच्या क्षणी आवाज टाकतो. ऐकण्याच्या प्रतीत ते अंतर १८चं १० झालं तर श्रोत्याचं फार बिघडत नाही. पण ‘शाहीर वीररस आवाजाच्या तीव्रतेतून कसा उभा करतो’ या प्रकरणासाठी तुम्ही तीच फाइल मोजलीत तर तुमचा आलेख शाहिराचा नसून कॉम्प्रेसरचा असेल.

पायरी ५ : डावीकडे की उजवीकडे?

पॅन म्हणजे ट्रॅक डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये कुठे ठेवायचा ते. गाण्याच्या व्यवसायात ते कानाला काय बरं वाटतं त्यावर ठरतं. आपण मंडळी प्रत्यक्ष जशी उभी होती तशी ठेवू. त्यासाठी फील्डच्या वहीत साधं रेखाचित्र काढा : शाहीर मध्ये, ढोलकी डावीकडे, झीलकरी उजवीकडे मागे, श्रोते समोर. आणि डावं-उजवं श्रोत्यांच्या बाजूने की शाहिराच्या, हे लिहायला विसरू नका. नंतर फोटो नसला की यावरच घोडं अडतं.

पायरी ६ : रिव्हर्ब आणि ‘नॉइज रिडक्शन’

रिव्हर्ब म्हणजे खोलीचा घुमारा कृत्रिमरीत्या घालणं. उघड्यावरच्या पोवाड्याला घुमारा जवळजवळ नसतो, म्हणून जवळच्या माइकचं रेकॉर्डिंग कोरडं वाटतं आणि रिव्हर्ब घालायचा मोह होतो. त्याऐवजी स्टिरिओ जोडी थोडी वर करा. जागेचा खरा अंदाज तिच्यात आहे. मोकळ्या मैदानातल्या पोवाड्याला सभागृहाचा घुमारा लावणं म्हणजे प्रयोगाची जागाच बदलणं.

नॉइज रिडक्शनबद्दल जास्त सावध राहा. ही साधनं साधारणपणे जे सतत एकसारखं चालू आहे त्याला गोंगाट समजतात. पंखा असेल तर उत्तम. पण तुणतुण्याचा सूरही अखंड, एकाच जागी असतो. जोरात लावलेलं नॉइज रिडक्शन तो खरवडून काढू शकतं आणि मग आवाजाला पाण्याखालून आल्यासारखी झिलई येते.

जात्यावरच्या ओव्यांचा विचार करा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि आज त्या ‘परी’च्या संग्रहात ऐकता-वाचता येतात. जातं फिरत असताना गायलेली ओवी घ्या. यंत्राच्या दृष्टीने जात्याची घरघर म्हणजे गोंगाट. पण ओवीची लय त्या फिरण्याशी बांधलेली असते. घरघर पुसून टाकली तर बाई काम करता करता गात होती हेच पुसलं जातं. पोवाड्यातही श्रोत्यांची दाद, मध्येच रडणारं पोर, कोणीतरी ओरडून केलेली फर्माईश, हे सगळं काढण्याआधी स्वतःला विचारा की हा गोंगाट आहे की माहिती.

कोणतं काम कोणत्या प्रतीवर?

आतापर्यंतचं एकत्र मांडू :

• शब्द उतरवून घेणं : मिक्स चालेल, उलट तेच बरं. शंका आली की शाहिराचा सुटा ट्रॅक ऐका.
• सूर, पट्टी, सुरावट : फेडर, पॅन, ईक्यू यांनी बहुधा बिघडत नाही. सूर सुधारणारं किंवा वेग बदलणारं कोणतंही साधन वापरलं असेल तर ती प्रत बाद.
• तीव्रता आणि चढउतार : फक्त मूळ फाइल, आणि रेकॉर्डरवर ‘ऑटो लेव्हल’ बंद असेल तरच. ती सोय म्हणजे मशीनच्या आत बसलेला कॉम्प्रेसर.
• ताल आणि सूक्ष्म वेळा : मूळ फाइलीतले जवळचे माइक, अंतरांच्या नोंदीसह.
• नादाचा पोत : मूळ फाइल. माइकचं मॉडेल लिहा, कारण माइकचाही स्वतःचा ईक्यू असतो.
• प्रयोगाची जागा, श्रोत्यांचा सहभाग : स्टिरिओ जोडी.

दोन प्रती करायच्या आणि नावातच फरक ठेवायचा : ‘अभ्यास’ आणि ‘श्रवण’. अभ्यासाच्या प्रतीत फक्त फेडर आणि पॅन. श्रवणाच्या प्रतीत गरजेपुरतं ईक्यू आणि हलकं कॉम्प्रेशन. शेवटची पातळी कुठे वाजवणार त्यावर ठरवा. युरोपीय प्रसारणाचं प्रमाण -२३ एलयूएफएस आहे, तर ऑनलाइन सेवांवर साधारण -१४ च्या आसपास चालतं. शक्य तितकं मोठं करायच्या शर्यतीत आपण नाही.

मिक्सची नोंद कशी दिसते?

फार मोठी नको. प्रत्येक ट्रॅकला एक-दोन ओळी पुरतात :

‘ट्रॅक ४, झील आणि तुणतुणं : श्रवण प्रतीत स्टिरिओ जोडीतल्या पातळीशी जुळेल एवढाच वर. हाय-पास ७० हर्ट्‌झ. कॉम्प्रेशन नाही. १७ मिलिसेकंद मागे सरकवला. कारण : थापेची धार जुळवण्यासाठी.’

यातला ‘कारण’ हा शब्द सर्वात महत्त्वाचा. आकडे सॉफ्टवेअरमध्ये सापडतात, कारण सापडत नाही. प्रबंधाच्या संशोधन पद्धतीच्या प्रकरणात हीच नोंद एका परिच्छेदात येते आणि पूर्ण तक्ता परिशिष्टात जातो. व्हायव्हात ‘हे रेकॉर्डिंग तुम्ही एडिट केलंय का?’ असं विचारलं तर ‘हो’ म्हणून पान क्रमांक सांगता यायला हवा.

मिक्स कोणाचं?

शेवटी कलावंतांचा मुद्दा. भारताच्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ प्रयोगकर्त्यांना हक्क देतं. २०१२च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३८-बी नुसार आपल्या प्रयोगाचं श्रेय मागण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल असा त्यात फेरफार झाला तर आक्षेप घेण्याचा हक्क कलावंताला आहे. निव्वळ तांत्रिक कारणासाठी किंवा वेळेत बसवण्यासाठी केलेली काटछाट यात धरली जात नाही. म्हणजे वाऱ्याची घरघर काढलीत तर अडचण नाही. पण संमतीपत्रात ‘रेकॉर्डिंग’ एवढंच लिहून भागत नाही. मिक्स केलेली प्रत कुठे, कोणाला ऐकवली जाईल हेही त्यात हवं, आणि झीलकऱ्यांची नावं शाहिराच्या नावाबरोबर हवीत.

कायद्याच्या पलीकडे एक साधी गोष्ट करा. प्रबंध जमा करायच्या आधी श्रवण प्रत घेऊन पुन्हा गावात जा आणि सगळ्या फडाला एकत्र बसवून ऐकवा, एकट्या शाहिराला नको. कोण काय म्हणतं ते लिहून घ्या. शाहीर म्हणेल, डफ अजून वर घ्या. तुणतुणेवाला म्हणेल, मी कुठाय? त्यांच्यात मतभेद झाले तर ते मिटवायला जाऊ नका. फडात कोणाचा आवाज कुठे असावा याबद्दल त्यांचं स्वतःचं काय मत आहे, हे त्या अर्ध्या तासात जितकं कळतं तितकं प्रश्नावलीतून कळत नाही. ती चर्चाही, त्यांची परवानगी घेऊन, रेकॉर्ड करा.

करून बघा

तुमच्याकडचं कोणतंही पाच मिनिटांचं समूहगायन घ्या : भजन, आरती, गोंधळ, काहीही. दोन ट्रॅक असले तरी चालतील. त्याची तीन मिक्स करा. पहिल्यात मुख्य गायक पुढे, दुसऱ्यात साथीदार पुढे, तिसऱ्यात समोर बसलेल्याला ऐकू आलं असेल तसं. तिन्हींची एकूण पातळी सारखी करा. मग विषय माहीत नसलेल्या तीन मित्रांना प्रत्येकी एकच मिक्स ऐकवा आणि लिहायला सांगा : हे गाणं कोण गातंय आणि बाकीचे काय करतायत?

तिघांची उत्तरं शेजारी ठेवा. त्यांत जो फरक दिसेल तो तुमच्या फेडरने घडवलेला असेल. प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात नेमकं काय लिहायचं, याचा पहिला मसुदा तुम्हाला तिथेच मिळेल.